पाठवणीची फियाट

रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या हैबतरावांकडे वडिलांची जुनी फियाट होती आणि तिच्यापायी त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. रोह्यापासून पेणपर्यंत कुणाचंही लग्न ठरलं की नवरीच्या पाठवणीला हीच गाडी हवी. व्हिंटेज म्हणे! पेट्रोल टाकलं की झालं, फुकट ते पौष्टिक. ती चालती ठेवताना गुडघे कुणाचे झिजतात, हे कोण विचारतो? पण नाही म्हणायचाही हैबतरावांना आता कंटाळा आला होता.

आज मात्र पाठवणी त्यांच्याच रोहिणीची होती, पेणला. जाईन तर आपल्या फियाटमधून, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. एरवी ते चाक हलवून बघत, तेवढ्यावर भागवत. आज पोटची पोर बसणार म्हणून त्यांनी सकाळीच पुढचं चाक उतरवलं, चाक ज्यावर बसतं तो हब रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि वर खडू घासला. चीर असली की आत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटतं.

बोल्टाच्या भोकापासून एक ओली रेघ उठली.

"काका, डोलवीला नेऊन वेल्डिंग मारून आणतो," पुतण्या सुशील म्हणाला. "तिथल्या स्टीलच्या कंपनीत आपली माणसं हायत."

"हबला वेल्डिंग नाय चालत, बाबा. वाटेत भिसे खिंडीच्या उतारावर चाक पुढे नि आपण मागे."

"मग दुसरा हब?"

"या गाडीचा आता भंगारात पण नाय मिळत."

रोहिणी हळदीच्या अंगाने दारात आली. "बाबा, हळू चालवा ना. पेणच तर हाय."

हैबतरावांना वाटलं, न्यावी हळूहळू. कुणाला कळणार आहे? त्या मोहाचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी घण उचलला आणि हबवर घातला. चिरेजवळचा तुकडा उडाला. रोहिणी रडत आत पळाली.

तुकडा उचलून त्यांनी उजेडात धरला. चीर ताजी असती तर तुटलेली कड चकचकीत दिसली असती. इथे सगळी कड गंजून काळी पडलेली, चमकत होती ती फक्त आत्ता घणाने तुटलेली करंगळीएवढी जागा. म्हणजे चीर कित्येक महिन्यांची. तेवढ्या महिन्यांतल्या नवऱ्या त्यांना एकेक करून आठवायला लागल्या.

संध्याकाळी रोहिणी भाड्याच्या गाडीतून गेली. शेजारच्या इंदुबाईंची लेक गेल्याच महिन्यात फियाटमधून गागोद्याला सासरी गेली होती. इंदुबाई डोळे पुसता पुसता हसल्या.

"काय वो हैबतराव, स्वताच्या पोरीला नवी गाडी, नि आमच्या पोरीला तेवढी जुनी व्हय?"

मांडवात सगळे हसले. शब्दाला शब्द देण्यात हैबतराव कुणाला हार जायचे नाहीत. आज त्यांनी मान खाली घातली.

"व्हय, इंदुबाई," ते म्हणाले. "तसंच झालं."