दिवाणसाहेबांचा पणतू

माझे पणजोबा संस्थानचे दिवाण होते. म्हणजे त्या रविवारी सकाळी साडेदहापर्यंत तरी होते!

आमच्या मुग्धाचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे वडील देशपांडेसाहेब घराणं बघून सोयरीक करणारे. होकार की नकार, ते सांगायलाच नाशिकला आलेले. चहा होईपर्यंत मी पणजोबांना दोनदा घोड्यावर बसवलं. (माझ्या वडिलांनी सांगताना एकदाच बसवलं होतं. दुसरा घोडा माझा.)

"अरे वा! मग पंचवटीत गुरुजींच्या वहीत नोंद असणार," साहेब खूश झाले. "यात्रेला आलेला माणूस स्वतःच्या हातानं नाव, गाव, कामधंदा लिहून जायचा. चला, बघू दिवाणसाहेबांचं अक्षर!"

"अहो, आधी एकटे जाऊन बघून तरी या," बायको कुजबुजली.

"त्यात बघायचंय काय? दिवाण ते दिवाणच!"

रामकुंडाजवळ गुरुजींनी आमचं मूळ गाव, आडनाव, पणजोबांचं नाव विचारलं आणि लांबलचक वही उघडली. सगळं मोडीत! मला त्यातलं ओ की ठो कळेना, त्यामुळे आधी चोरून वाचायचीही सोय नाही. गुरुजींचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकू लागलं. मुग्धानं माझा हात घट्ट धरला. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता.

"सापडले! विष्णू गोविंद. दिवाणसाहेबांच्या..."

"बघा! बघा!" मी जवळजवळ नाचलोच.

"...घरी," गुरुजींनी पान उलटलं, "पाणी भरणे."

मी वहीत डोकं घातलं.

"नीट वाचा हो, गुरुजी!"

"स्वच्छ अक्षर आहे. पुढे लिहिलंय, 'दोन खेपा सकाळी, दोन संध्याकाळी.'"

पणजोबांचा असा संताप आला मला! अहो, मोघम लिहायचं ना! खेपा कुणी विचारल्या होत्या? मुग्धाचे डोळे भरलेले.

गुरुजींनी पेन माझ्यापुढे केलं. "आता तुमची नोंद. कामधंदाही लिहा."

मी 'निवृत्त अधिका' इथपर्यंत पोहोचलो.

"बाबा," मुग्धा हळूच म्हणाली, "खरं लिहा."

खोडलं. 'निवृत्त हेडक्लार्क' लिहिलं. मान वर करायची हिंमत होईना.

"आणि पाणी भरणं?" बायको मागून म्हणाली. "रोज पहाटे नळ आला की कोण उठतं?"

देशपांडेसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडे किती वाजता येतं हो पाणी?"

"पाच."

"सुखी आहात. आमच्याकडे साडेचारला. मलाच उठावं लागतं!" आणि असे हसले, की गुरुजींना वही मिटावी लागली. लग्न तिथंच ठरलं.

चार पिढ्यांत आमच्या घराण्यानं एवढीच मजल मारली. पणजोबा दिवाणांच्या घरी पाणी भरायचे, मी स्वतःच्या घरी भरतो. त्यांना निदान पगार तरी मिळायचा!