चुना फासलेले दगड

दुष्काळात, ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी अकराच्या सुमाराला मला धुकं दिसलं आणि मी त्याचे लागोपाठ नऊ फोटो काढले. नऊही फोटो चांगले आलेत. पिवळं गवत, मधोमध आमची लाल गाडी आणि तिच्या पोटाखालून हळूच वर येणारा पांढुरका पडदा. दहावा काढणार तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, धूर आहे तो!"

आधी तिथं गेलो कसे, ते सांगतो. त्या वर्षी पाऊस पोळ्याआधीच परतला होता. शहरातल्या उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही बायपासपलीकडे फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून ज्वारी दिसायची. मग ज्वारीच्या जागी प्लॉटचे चुना लावलेले दगड आले, दगडांच्या जागी खांब आणि खांबांच्या जागी सात-सात मजले. एवढं सगळं वाढलं, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदाच. अशात कॉलनीच्या ग्रुपवर एक शेजारी रोज हिमाचलमधल्या कुरणांचे फोटो टाकू लागले. डोंगर, गवत, वर निळं आभाळ. मला ते सहन होईना.

"आपल्याकडे काय कमी आहे?" मी एकदा चहा पिताना म्हणालो.

"पाणी," बायको म्हणाली.

तरी दसरा झाल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. मी हप्त्याने घेतलेला कॅमेरा, तिने केलेल्या दशम्या आणि चटणी, एक सतरंजी. खुलताबाद मागे टाकलं आणि घाट चढून पठारावर आलो. खाली सगळीकडे सुकलेली कपाशी होती, पण वर मात्र गुडघाभर गवत, वाळून सोनेरी झालेलं, वाऱ्याबरोबर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळणारं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. बायको म्हणाली, "बरं वाटलं, तुम्ही गप्प बसलात."

गवताच्या कडेकडेने, ठरावीक अंतरावर, दगडांच्या छोट्या चळती होत्या. प्रत्येक चळतीच्या वरच्या दगडाला चुना फासलेला. ते बघून मी हळहळलो.

"बघ, इथंही प्लॉटिंग पोचलं! एवढं सुंदर गवत, आणि उद्या इथं बंगले."

शहराला मी पाच-सात मिनिटं नावं ठेवली. माझा स्वतःचा फ्लॅट कुणाच्या ज्वारीवर उभा आहे, ते त्या भाषणात आलं नाही. मग मी विचार केला, जागा कुण्या बिल्डरची, तो काही इथं बसलेला नाही. दोन दगडांच्या मधून गाडी आत घातली, चांगली पन्नास पावलं. पिवळ्यात लाल, असा फोटो मला हवा होता. घाट चढून आलेली डिझेलची गाडी, खाली तापलेला सायलेन्सर आणि त्याला टेकलेलं वाळलेलं गवत, या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. बायकोने बाभळीखाली सतरंजी अंथरली. मी लांब एका उंचवट्यावर चढलो आणि वर सांगितलं ते धुकं टिपायला लागलो.

ती ओरडली आणि पडदा फाटावा तशी धुरातून ज्वाळा वर आली.

मी धावलो. कुठं धावलो ते महत्त्वाचं आहे. मी गाडीकडे धावलो. दार उघडून आत बसलो, मागे घेतली, थेट रस्त्यापर्यंत नेली, खाली उतरलो आणि रंग कुठं करपला का ते वाकून बघितलं. मान वर केली तर बायको सतरंजीने आग झोडपत होती. तिच्या दोन्ही बाजूंना एक म्हातारा आणि एक म्हातारी कुठूनशी येऊन पळसाच्या ओल्या फांद्या आपटत होते. म्हातारा वाऱ्याच्या बाजूचं गवत उपटत पुढं सरकायचा आणि त्या दोघी मागून झोडपायच्या, जणू वर्षानुवर्षं एकत्र कामाला जातात.

मीही एक फांदी मोडून घेतली. ती वाळकी निघाली आणि माझ्याच हातात पेटली.

"साहेब, तुमी तिकडं सरका," म्हातारी म्हणाली. "हाय ती आग काय कमी पडाली का?"

मी सरकलो.

अर्ध्या-पाऊण तासाने आग बसली. काळा पट्टा आमच्या कॉलनीच्या पटांगणाएवढा होता. बायकोच्या भुवया करपल्या होत्या, सतरंजीची जाळी झाली होती. मला वाटलं, आता हे दोघं मला शिव्या देतील. म्हातारा नुसता खाली बसला आणि राखेवरून हात फिरवू लागला, उष्ण होती तरी.

"मामा, ही जागा... प्लॉट कुणाचे आहेत?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कसले प्लॉट?"

मी चुन्याच्या दगडांकडे बोट दाखवलं. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मला ऐकू येत नसावं अशा मोठ्या आवाजात म्हातारीने सांगितलं, "राखल्यालं गवत हाय ते, साहेब! चुना दिसला की कुणी जनावर आत घालत नाय. गावातलं लेकरू बी घालत नाय. दिवाळी झाली की कापायचं आन् गंजी घालायची."

म्हणजे 'आत येऊ नका' असं ज्या दगडांनी लिहिलं होतं, तेच दगड मी 'या, जागा रिकामी आहे' असे वाचले होते. मी खिशात हात घातला, पाकीट काढलं.

"ठिवा ते," म्हातारी म्हणाली. "नोटा खाती व्हय गाय?"

मी पाकीट हातात धरून उभा. बायको तिच्याशेजारी जाऊन बसली. "मावशी, किती गेलं?"

"वरचं गेलं बाई. हे संक्रांतीपर्यंत पुरलं असतं. खालचं हाय, त्याच्यावर पुढचं काढायचं. चार जनावरं हायेत. तीन ठिवावी लागतील. तांबडी जाईल बाजारात, तिलाच गिऱ्हाईक हाय."

तांबडी जरा पलीकडे, त्यांच्या खोपटापुढं दावणीला होती. ती आमच्याकडे बघत होती की धुराकडे, ते मला कळलं नाही. मी दुसरीकडे बघितलं.

खाली उतरताना बायकोने घाटातच भावाला फोन लावला. माझ्या मेव्हण्याचं शेत पैठणकडे, कालव्याच्या अंगाला. तिकडे ऊस अजून उभा होता आणि काहींची तोड सुरू झाली होती. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, गुरं आवडीने खातात. मेव्हणा म्हणाला, उद्या मोळ्या बांधून ठेवतो, टेम्पो घेऊन या.

"उद्या सोमवारीच नेऊ," बायको म्हणाली.

"सोमवारी माझ्या ऑफिसात तपासणी आहे. पुढच्या रविवारी आरामात जाऊ."

तिने एक क्षण खिडकीबाहेर बघितलं. "बरं, रविवारी."

रविवारी आम्ही टेम्पोच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसून तो घाट पुन्हा चढलो. मागे हिरवंगार वाडं, मला अगदी वऱ्हाड घेऊन निघाल्यासारखं वाटत होतं. मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती, मावशी आता तांबडी विकायची नाही वगैरे. कॅमेरा घरी होता.

म्हातारी खोपटाबाहेर आली. टेम्पो बघून तिने डोक्यावरचा पदर पुढं ओढला. दावणीला तीन जनावरं होती. चौथा खुंटा नुसताच.

"तांबडी?" बायकोने विचारलं.

"परवाच्या बाजारी गेली," ती म्हणाली. "तुमी येताव का नाय, आमाला काय ठावं?"

खरं होतं. आम्ही येऊ असं तिला सांगितलंच नव्हतं. तिच्याकडे फोन नव्हता आणि पुन्हा वर जाऊन सांगून यावं, हे आम्हाला सुचलं नव्हतं. म्हातारा मोळ्या उतरवू लागला. मी दोन उचलल्या, तिसरीला कंबर धरली.

"ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "बाकीच्या तिघींना होतंय. लई झालं." आणि खरोखर आनंदाने त्याने एक पान तोडून जवळच्या गायीच्या तोंडाशी धरलं. माझी मान वर होईना. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन सांगितलं तरी असतं कुणाला.

म्हातारीने गुळाचा कोरा चहा दिला. तो आम्ही त्या रिकाम्या खुंट्याकडे पाठ करून प्यायलो.

परतीच्या वाटेवर घाट उतरला, खुलताबाद आलं, गेलं. शेवटी मीच म्हणालो, "तपासणी दोन तासांत उरकली होती त्या दिवशी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही रविवार म्हणालात ते तुमचं झालं. पण मी त्या मावशीच्या शेजारी बसले होते हो, आणि मीही बरं म्हटलं."