ढाणकीजवळचा उपाशी पट्टा

दिग्रसला माझं टायपिंगचं दुकान आहे. विद्यापीठातल्या इंगोले मॅडम कपाशीवरच्या किडींवर संशोधन करतात. शेतकऱ्यांसाठीची त्यांची माहितीपत्रकं मीच टाइप करतो. बारावी माझी राहिली, पण शुद्धलेखन पक्कं आहे. एकदा मी विचारलं, डोमकळी म्हणजे नेमकं काय? त्या म्हणाल्या, "चल, दाखवते." गाडी लागली तर काय, परतीची बस चुकली तर काय, असा सगळा विचार करून मी हो म्हटलं.

दिग्रसहून पुसद, तिथून उमरखेड, मग ढाणकी. थेट गाडीची वाट पाहू नका, टप्प्याटप्प्यानं जा. एसटीत मॅडमचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. पुसदच्या स्टँडवर पोह्यांवर तर्री घालतात. झेपत नसेल तर आधी सांगा. मी सांगितलं नाही आणि उमरखेडपर्यंत पाणी पीत राहिलो.

बसमध्ये मॅडमनी प्रयोग समजावला. शेषराव राठोडांच्या वावरात कपाशीचे दोन पट्टे. एकावर निंबोळी अर्क फवारायचा, दुसऱ्याला हातही लावायचा नाही. दुसऱ्यात अळी जास्त निघाली, तरच अर्काचा उपयोग झाला म्हणता येतं. दोन हंगाम तसंच निघालं होतं. हा तिसरा आणि शेवटचा, कारण उन्हाळ्यात मॅडम निवृत्त होणार.

ढाणकीहून राठोडांच्या तांड्यापर्यंत ऑटो मिळतो, भाडं आधी ठरवा. शेषरावांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, चहा पुढं केला. तो तसाच ठेवून मॅडम वावरात शिरल्या. भर उन्हात वाकून हिरवी बोंडं चाकूनं चिरून पाहत होत्या. मी पिशवी धरली. दोन्ही पट्टे त्यांनी दोनदा पाहिले. हात न लावलेला पट्टाही अर्काच्या पट्ट्याइतकाच स्वच्छ होता. म्हणजे अर्क बिनकामाचा. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, असं मला वाटलं.

मॅडमनी फक्त कमलाबाईंना विचारलं, इथं कुणी काही केलं का? बाईंनी पदर सारखा केला. गुलाबी अळी फूल आतून जणू शिवून टाकते, ते उमलत नाही. तीच डोमकळी. बाईंनी त्या पट्ट्यातल्या दिसेल तेवढ्या डोमकळ्या हंगामभर खुडल्या होत्या.

"सडकेवरचे लोकं हासत, मॅडम. म्हणत, राठोडाच्या बाईले डोये हायेत का नाई. अन् तुमचा पट्टा असा उपाशी ठेवाचा? मले पाहवलं नाई."

"घ्या," शेषराव म्हणाले, "हिनं तं तुमचं सालच खुडून टाकलं."

मी हळूच सुचवलं, आधीची दोन वर्षं पुरत नाहीत का? मॅडम म्हणाल्या, हे वर्षही लिहायचं, खुडण्यासकट. मग त्या बाईंकडे वळल्या. कधीपासून खुडलं, सकाळी की संध्याकाळी, खुडलेल्याचं काय केलं? रागाचा लवलेश नाही. उलट तहान लागल्यासारख्या विचारत होत्या. नुसतं खुडूनही अळी एवढी कमी होते का, हे आता पाहायलाच हवं, म्हणाल्या. पुढच्या साली तीन पट्टे लागतील: एक अर्काचा, एक खुडायचा, एक हात न लावलेला.

"पुढच्या साली तं तुमची नोकरी नाई. मंग कायले येता उन्हातान्हात?"

"नोकरी संपते हो, शेषराव. उत्तर कुठं आलंय अजून?"

शेषरावांनी बायकोकडे पाहिलं. निंदण-वेचण सगळं तिच्याच हातात. कमलाबाईंनी आधी सडकेकडे पाहिलं, मग विहिरीकडे. वाटलं, नाहीच म्हणणार.

"देतो," त्या म्हणाल्या. "पण उपाशी पट्टा विहिरीमांगं. सडकेकून नाई."

मॅडम बांधावरच बसल्या आणि थंडगार झालेला चहा मागवून प्यायल्या.

अंधार पडायच्या आत मी घरी होतो. आईनं विचारलं, काय सापडलं मॅडमले? साल वाया गेलं, मी म्हटलं. मग तू एवढा खुश काहून, म्हणाली. प्राध्यापक म्हणजे उत्तरं देणारा माणूस, असं मी समजत होतो. उत्तर हातून निसटल्यावर कुणी असं ताजंतवानं होताना मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या हंगामात त्या बाजूला गेलात, तर विहिरीमागं किडलेला एक पट्टा दिसेल. कीव करू नका. डोमकळी दिसलीच, तर हात मागं बांधून पाहा.