दाखल्यातलं एक विशेषण

रेवस बंदरावरचे आमचे मोठे कारकून वर्तणुकीचा इंग्रजी दाखला लिहिताना विशेषणापाशी आले की टाक कानावर ठेवायचे. "थांबा, शब्द पाहून घेऊ," म्हणत आणि पुठ्ठे निघालेला कोश मांडीवर उघडत.

ही सन तीसच्या आसपासची गोष्ट. मुंबईला कामाला निघालेली माणसं दाखल्यासाठी त्यांच्याकडेच यायची. सगळ्यांना 'ऑनेस्ट' हवं असायचं.

"हा मूळचा लॅटिन. ऑनर, म्हणजे मान, त्याच्याच घराण्यातला," कारकून समजावत. "आधी अर्थ अब्रूदार. खरं बोलणारा, हे मागाहून आलं. कष्टाच्या कमाईलाही इंग्रज हाच शब्द लावतो."

"मंग लिवता का न्हाय?" समोरचा कोळी विचारी.

"तुला मी ओळखतो किती दिवस?"

"आठ."

"मग 'हेल्दी' लिहितो. ते दिसतंय."

असा दाखला तुम्ही कुठे पाहिला असेल, तर तो आमच्या बंदरावरचा समजा.

मी खानदेशातला, इंग्रजी दुसरीतून शाळा सोडलेला. सामानाच्या पावत्या लिहायचो. नोकरी कच्ची, म्हणून चुकीच्या धास्तीनं एकेक पोतं तीनदा मोजायचो. एकदा माझ्या मोजणीत भरती निघून गेली आणि माणसांनी भरलेली लाँच चिखलात बसली. लाँच चालवणारा तांडेल वरून ओरडला, "काय रं मुन्शी, आता ओहोटीलाबी पावती दे!"

बंदराच्या साहेबांनी चूक कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा मी घाबरून तांडेलाचं नाव सांगितलं. त्याला घरी बसवलं.

पुढल्याच आठवड्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती. त्यासाठी दाखला हवा होता. कारकुनांनी सगळा लिहिला, विशेषणाची जागा तेवढी मोकळी सोडली.

"माझ्या खिडकीतून धक्का दिसतो," ते म्हणाले. "साहेबांनी मला काही विचारलं नाही. तू सांग, इथं काय लिहू?"

मी उठून साहेबांकडे गेलो आणि खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तांडेल कामावर आला. माझं काम सुटलं.

काम शोधायला मुंबईला निघालो, तर लाँच त्या तांडेलाचीच होती. "बस रं मुन्शी," एवढंच म्हणाला आणि सावलीतली जागा दिली.

दोर सोडताना कारकून धक्क्यावरून धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. फार वाईट धावत होते. हातात दाखला, शाई ओली, म्हणून कागद दोन कोपऱ्यांना धरलेला. तो त्यांनी माझ्या हाती दिला. मोकळ्या जागेत 'ऑनेस्ट' होतं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिन सुरू झालं. त्यांनी कानामागे हात धरून 'काय?' म्हणून खूण केली.

त्या कागदावर मला गोदीत काम मिळालं. पहिली रजा मिळाली तसा रेवसला गेलो. त्यांच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ होते. "ते वारले," म्हणाले. "काही काम होतं?"

"नाही," मी म्हणालो.