राजा एकटा घरी आला

लायब्ररीतल्या माणसाने कापडी पिशवी हातात दिली तेव्हाच वजनावरून कळलं की आत एकच बाहुली आहे.

"आणि राणी?"

"ती म्युझियमकडे, अम्मा. तिथे विचारा."

म्युझियमच्या पहारेकऱ्याने आत फोन केला आणि सांगितलं, "बाहुल्या लायब्ररीकडे आहेत." मी मान हलवली आणि बस धरली. दुसरी कुणी असती तर दारातच भांडली असती. अनोळखी माणसासमोर माझा आवाजच फुटत नाही.

ही राजा-राणीची जोडी, तांबड्या लाकडाची, आईने मला लग्नात दिली. इथे म्हैसुरात आमच्यासारखी जुनी मराठी घरंही नवरात्रात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ही जोडी बसते. आई गेली, माहेरचं घर गेलं, जोडी तेवढी राहिली.

माझी मुलगी शाळेत शिकवते. लायब्ररी आणि म्युझियम मिळून शिक्षकांसाठी घरोघरच्या जुन्या वस्तू कॉम्प्युटरवर चढवत होते. वस्तूचा फोटो आणि सोबत घरच्या बाईच्या आवाजात तिची हकिकत. वर्गात पडद्यावर दाखवायला. "दे ना आई, नवरात्राच्या आधी परत येईल," ती म्हणाली. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "स्वतः चौथीत शाळा सोडली, आता गावच्या शाळांना शिकवायला निघाली," असं त्या माझ्याबद्दल, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. तरी मी जोडी दिली. काम वाटून घेतलेलं, म्हणून राणीचे फोटो म्युझियममध्ये निघाले आणि राजाचे लायब्ररीत. मुलीने फोनवर दाखवलं तेव्हा मात्र दोघं शेजारी शेजारी उभी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. सासूबाईंनी पिशवीत हात घातला.

"अय्यो, हा एकटाच? असा विधुर कुणी मांडतं का पायरीवर?"



त्यांनी राजाला कुंकू लावून वर बसवलं आणि शेजारची जागा रिकामी ठेवली. "उद्या सकाळी ती इथे नसली तर वरची पायरी झाकून टाकेन. तुझ्या आईची वस्तू. बाहुल्या बघायला येणाऱ्या बायकांना उत्तरं तू द्यायचीस."

मी पुन्हा म्युझियमला गेले. या वेळी पहारेकऱ्यापाशी थांबले नाही, कारण थांबले असते तर परत फिरले असते. आतल्या खोलीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. मी एवढंच म्हटलं, "माझी राणी."

त्या मला एका पांढऱ्या पेटीपाशी घेऊन गेल्या. आइस्क्रीमच्या दुकानात असते तशी पेटी. झाकण उघडलं तर आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली राणी आडवी पडली होती. प्लॅस्टिकवर बर्फाची भुरी.

"पाठीला बारीक भोकं होती, अम्मा. भुसा गळत होता. आत कीड आहे, ती या थंडीने मरते. लायब्ररीला कळवायला हवं होतं, ते राहून गेलं."

"उद्या पूजा आहे."

"वस्तू तुमची आहे. म्हणाल तर आत्ता काढून देते. पण मधेच काढली तर कीड जगेल."

मी हात पुढे केला. प्लॅस्टिक बोटांना चिकटलं. नेली असती तर सासूबाईंचं तोंड बंद झालं असतं. तेवढ्यात चष्म्याच्या बाईंनी विचारलं, "वर्षभर दोघं एकत्रच असतात ना? राजाला कुणी तपासलंय?"

एकाच ट्रंकेत, एकाच पातळात गुंडाळलेली असतात. राजाकडे कुणीच पाहिलं नव्हतं. मी राणीला तिथेच ठेवून घरी आले.

पायरीसमोर काळा खण पसरला आणि राजाला उचललं.

"कुंकू लावलेला देव हलवतेस?" सासूबाई ओरडल्या. "अगं, राणी कुठाय?"

मी राजाची पाठ खणावर हलकेच आपटली. काही पडलं नाही. पुन्हा आपटली. चिमूटभर पिवळसर पीठ खणावर सांडलं.

सासूबाई वाकल्या. बोटाने पीठ टिपून खिडकीच्या उजेडात बघत राहिल्या.

"तिलाही हेच?"

"हो. तिला थंडीत ठेवलंय. यालाही नेते." इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "उद्या बायकांना मी सांगेन."

त्यांनी राजाच्या कपाळाचं कुंकू पदराने पुसलं. मग त्याला आपल्याच जुन्या पातळात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"त्या बाईला म्हणावं, दोघांना एका पिशवीत ठेव."

मी पोचले तेव्हा त्या बाई कुलूप लावत होत्या. मी हाक मारली. माझा आवाज मोठा निघाला, पहारेकरीसुद्धा वळला. सासूबाईंचा निरोप सांगितला.

"एका पिशवीत नाही चालत, अम्मा," त्या म्हणाल्या. "शेजारी शेजारी ठेवते. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं, आणि पेटीचं झाकण लागेपर्यंत तिथेच उभी राहिले.