मखरामागचा लाल सिलिंडर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोएडात रंगीत टीव्ही जोडणारा एक कारखाना निघाला आणि मला तिथे सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली. तेव्हा सगळ्या देशाला रंगीत टीव्हीची घाई झाली होती. घाई करू नका, एवढंच सांगायचा पगार घेणारा मी कारखान्यात कुणालाच आवडत नसे. आग विझवायच्या सिलिंडरपुढे कुणी खोकं ठेवलं की मी त्याला मेमो देई. पुढेपुढे मला येताना पाहून लोक आधी खोकी उचलत आणि मग नमस्कार करत. खरी आग मात्र सगळ्या नोकरीत मी एकदाही पाहिली नाही, आणि त्याचं श्रेय मी बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं होतं.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाल्कनीला काचा लावून मी वर्कशॉप थाटलं आणि लेसर कटर आणला. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, की झाकणाखाली तो किरण प्लायवूड कापत सुटतो. कापतो म्हणजे खरं तर जाळतो, फक्त बारीक रेषेत. त्या रेषेवर एक पंप सतत हवा फुंकतो, म्हणून ज्योत उठत नाही. हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने समजावलं. तिने त्यातला ‘जाळतो’ एवढाच शब्द घेतला.

“मशीन चालू असताना तुम्ही तिथून उठायचं नाही. एवढं मान्य असेल तर ठेवा,” ती म्हणाली.

मी तिला माझा अनुभव ऐकवायला लागलो. तो ती लग्नापासून ऐकत होती. शेवटी मी शब्द दिला आणि नियमाप्रमाणे एक लाल सिलिंडरही आणला. तो मशीनशेजारी लावायचा नसतो, कारण आग लागली तर आपण तिथे पोचणार कसे? बाहेर पडायच्या वाटेवर लावायचा. म्हणून हॉलच्या भिंतीवर, अगदी मधोमध, खिळा ठोकून अडकवला.

त्या वर्षी मुलगा कामासाठी परदेशी होता, आणि सून आठ महिन्यांच्या नातीला घेऊन गणपतीला आमच्याकडे आली. नातीचा पहिला गणपती म्हणून मी तीन आठवडे खपून प्लायवूडचं जाळीदार मखर कापलं. ते उभं करायला घरात एकच चांगली भिंत होती, सिलिंडरची. तो लाल डबा जाळीतून दिसायला लागल्यावर मी मखराच्या मागे एक सबंध फळी ठोकली. दहा दिवसांचा तर प्रश्न होता, आणि दहा दिवस मशीन बंदच राहणार होतं. पुढे चौरंग आला, चौरंगावर दीड फुटी शाडूची मूर्ती बसली. एकदा बसवलेला गणपती विसर्जनापर्यंत हलवायचा नाही, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की बायको झाडूसुद्धा चौरंगाला वळसा घालून फिरवी. मी त्यावरून तिची थट्टा करत असे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले आणि मखरावर खूश झाले. कौतुक मला फार लवकर चढतं. प्रत्येकाला लाकडी मोदकाची एकेक किल्लीसाखळी द्यावी म्हणून मी मशीन सुरू केलं. बाल्कनीलगतच्या खोलीत नात पाळण्यात झोपलेली होती. तेवढ्यात बायकोने हाक मारली, “अहो, चला, आरती घेऊ या.” सात-आठ मोदक राहिले होते. पाच मिनिटांचं काम. मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं, नातीच्या खोलीचंही लोटलं आणि हॉलमध्ये गेलो.

दिल्लीत वाढलेल्या मुलांना पहिली आरती येते. दुसरीला ती ओठ हलवतात, तिसरीला नुसत्या टाळ्या वाजवतात. पहिलीवर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण सुनेने कौतुकाने पाहिलं आणि मी देवीची उचलली. मग शंकराची, मग दत्ताची.

दाराशी खालच्या मजल्यावरचे पंजाबी शेजारी उभे होते. ते म्हणाले, “भाईसाहब, कुछ जल रहा है.” मी सूर न सोडता डोळ्यांनीच कापूर दाखवला. त्यांनी मान डोलावली. आणखी एका कडव्यानंतर ते म्हणाले, “कपूर नहीं है. लकड़ी है.”

नातीच्या खोलीचं दार उघडलं तर आत धूर भरायला लागला होता. काचेपलीकडे मशीनमध्ये ज्वाळा उठल्या होत्या आणि वरचं झाकण वितळून वाकत होतं. सून मला ढकलून आत गेली आणि नातीला उचलून बाहेर धावली. मी मेन स्विच पाडला, सवयीने सिलिंडरकडे वळलो आणि समोर गणपती होता.

मी थांबलो. एका खोक्यासाठी मेमो देणारा मी, बसवलेल्या मूर्तीला हात लावावा की नाही म्हणून पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. मला त्याची आजही लाज वाटते.

बायकोने तबक खाली ठेवलं, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि शेजाऱ्यांच्या हातात दिली. “पकडिए, भाईसाहब. गिराइएगा मत.” मग तिने मखर धरून ओढलं. ते मधोमध चिरलं. खिळ्यावरचा सिलिंडर काढून तिने माझ्या हातात कोंबला. “घ्या. जा.”

पिन ओढून मी सिलिंडर पार रिकामा केला आणि आग विझली. मशीनचा कोळसा झाला होता. पंपाची नळी निसटलेली होती. मी तिथे बसलो असतो तर ते पहिल्याच ठिणगीला दिसलं असतं. नात सुनेच्या खांद्यावर झोपलेलीच होती. शेजारी मूर्ती घेऊन पंधरा मिनिटं तसेच उभे होते, कारण कुठे ठेवायची ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाहुणे गेल्यावर बायको मूर्तीपुढे हात जोडून उभी राहिली. मी म्हणालो, “हलवल्याची माफी मागतेयस ना? ती मी मागायला हवी.”

“हलवल्याची नाही मागत,” ती म्हणाली. “आरती चालू होती तेव्हा तुमच्या मशीनची घरघर मला ऐकू येत होती. पण तुम्ही शब्द दिला होता, म्हणून म्हटलं आवाज दुसऱ्या कुणाच्या घरचा असेल. बाळ आत होतं, आणि मी टाळ्या वाजवत उभी राहिले.”

मी तो रिकामा सिलिंडर उचलला आणि पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला.