द्वारकाबाई आणि माझे खोटे दिवस

द्वारकाबाई घरात आल्या की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायच्या, बाईकडे मागाहून. पाळी आलेल्या तारखेभोवती पेनने गोल केलेला दिसला तर पाटावर बसून पाणी मागायच्या. गोल नसला की दारातूनच विचारायच्या, "कॅलेंडर काय गणपतीचा फोटो बघायला टांगलंय?"

त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. दांडीच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा, की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतल्या माणसाने नक्की वळून बघावं. दर मंगळवारी बोईसरला आमच्या चाळीत यायच्या. चाळीत सगळ्या कारखान्यातल्या कामगारांच्या बायका, कुणी साताऱ्याची, कुणी जळगावची, मी कोल्हापूरची. आम्हा सगळ्यांना मिळून त्यांनी "घाटावरच्या बाया" असं नाव ठेवलं होतं आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा माझी धाकटी सून मोबाईलवर गरोदरपणाची दहा लक्षणं वाचून दाखवत होती, तेव्हा त्या आठवल्या. कारण ती दहाच्या दहा लक्षणं मला एकदा झाली होती आणि पोटात कोथिंबीरवडीशिवाय काहीही नव्हतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. थोरल्या जावेला दोन मुलं, मला कॅलेंडरवरचे गोल. त्या वर्षी गौरीसाठी कोल्हापूरला सासरी गेले आणि माझी तारीख नेमकी गौरीवर येत होती. आपण बाजूला बसायचं आणि जाऊबाईंनी मिरवायचं, हे मला सोसणार नव्हतं. गुपचूप औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या. गौरी उठल्या, बोईसरला परत आले, तरी पाकिटात गोळ्या उरलेल्याच. टाकवेनात. उरलेलं टाकू नये, हे माहेरचं वळण मी भाजीइतकंच गोळ्यांनाही लावलं आणि रोज एक करून सगळ्या संपवल्या. एवढी अक्कल घेऊन मी मॅट्रिक कशी पास झाले, हे बोर्डालाच ठाऊक.

मग छाती दुखायला लागली, पोट फुगलं, कुणी "जेवलीस का" विचारलं तरी रडू यायचं. चिंचणीला बाजाराला गेले तर सुक्या बोंबलांच्या वासाने ओकारी आली. गोळ्या संपून आठ दिवस झाले तरी पाळी नाही. मी वाण्याच्या दुकानातून सासूबाईंना फोन करून बातमी देऊन टाकली. नवऱ्यालासुद्धा नंतर सांगितलं.

मंगळवारी द्वारकाबाई आल्या. मी पलंगावर राणीसारखी पडून लक्षणं मोजून दाखवली. त्यांनी तोंड वाकडं केलं. "छाती दुखते, कंबर दुखते, रडू येतं. ही काय खबर हाय? ही दर म्हयन्याची रड हाय. अंग दोन्ही येळेला तेच बोलतं गो. आनी बोंबलाच्या वासानं ओकणाऱ्या घाटावरच्या बायांना दिवस गेले असते, तर अर्धं बोईसर बाळंत झालं असतं."

दवाखान्यात नेऊन त्यांनी माझी लघवी तपासली. काही नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा तपासली, तरी नाही. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, गोळ्या कसल्या घेतल्या. मी पाकिटाची कथा सांगितली. गोळ्यांनीच पाळी अडवली, गोळ्यांनीच मळमळवलं, म्हणाल्या, आणि आधी तपासल्याशिवाय असलं काही पुन्हा तोंडात टाकलंस तर याद राख.

एरवी चेष्टेशिवाय न बोलणारी ही बाई दोनच वेळा गंभीर व्हायची. एक म्हणजे पाळी चुकलेल्या बाईला पोटात एका बाजूला कळ येऊन डाग दिसला की. तेव्हा बोलणं बंद आणि रिक्षा उभी, कारण गर्भ नळीत अडकला असला तर बाईच्या जिवावर बेततं. दुसरी वेळ माझ्यामुळे आली.

दुसऱ्याच दिवशी मला पाळी आली आणि त्याच दिवशी निरोप आला, की सासूबाई चोरचोळी घेऊन निघाल्यात. चोरचोळी म्हणजे गरोदर सुनेला गुपचूप द्यायची हिरवी चोळी, ती तिसऱ्या महिन्यात द्यायची असते, पण त्यांना तेवढा धीर कुठला! गावात सगळ्यांना सांगून झालं होतं. मी धावत दवाखान्यात गेले आणि द्वारकाबाईंचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही फक्त एवढंच सांगा, की होतं आणि पडलं. लोक हळहळतील, हसणार तरी नाहीत.

त्यांनी पाय मागे घेतले. "जे झालंच नाय, त्याला मी मारनार नाय. आज पडलं सांगशील, उद्या सगळी म्हनतील हिच्या पोटात टिकत नाय. मंग नवस, गंडे, बुवा. आनी खरंच राहील तेव्हा डॉक्टर इचारील, आधी काय पडलंय? तेव्हा काय सांगशील? जा, आपल्या तोंडानं सांग."

सासूबाई आल्या. हिरवी चोळी पिशवीतून काढायच्या आतच मी सगळं ओकले, गोळ्यांसकट. त्या म्हणाल्या, "एक वर्ष थोरलीनं गौर उभी केली असती, तर गौर काय रुसून गेली असती?" चोळी पिशवीतच राहिली. गावात खरं काय ते त्यांनी स्वतः सांगितलं. जाऊबाई किती हसल्या असतील याचा अंदाज मला आजही आहे.

दोन वर्षांनी पुन्हा कंबर दुखली, छाती जड झाली, मी नवऱ्यावर भांडी आपटली. ओकारी नाही, काही नाही. पाळी येणार याची इतकी खात्री, की पाळीचे कपडे ट्रंकेतून काढून ठेवले होते. आठवडा उलटला तेव्हा, निव्वळ द्वारकाबाईंच्या धाकाने, तपासायला गेले. होते दिवस.

नाव नोंदवायला सासूबाई सोबत आल्या. डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि द्वारकाबाई कागदावर लिहून घेत होत्या. आधी कधी गर्भपात झालाय का, असा प्रश्न आला. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नाही. आधी नुसता मूर्खपणा झालाय."

द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. "त्याला रकाना नाय," म्हणाल्या आणि मोठं गोल शून्य काढलं.